बिनदाराची जीप

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ. मी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून जीपचं दार काढत होतो आणि बाबा हातात चहाचा मग घेऊन शेजारी उभे होते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी सनीवेलला आले होते. आमचे बाबा म्हणजे ३४ वर्षं सरकारी खात्यात ड्रायव्हर. त्यातली बरीचशी वर्षं जीपवर. जीप या विषयावर त्यांना काही शिकवू शकेल असा माणूस सातारा जिल्ह्यात तरी नाही. त्यामुळे ते पाच मिनिटं एक अक्षर न बोलता नुसते बघत उभे होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं की डोक्यात काहीतरी चाललंय.

"मोडलंय का दार?"

"नाही हो बाबा. काढतोय."

"का?"

आता याला काय उत्तर देणार! "हवा लागते" असं म्हणालो. सातारच्या माणसाला हवा विकायची म्हणजे कठीण काम. बाबा "बरं" म्हणाले आणि चहा प्यायले.

जरा आधीपासून सांगतो. माझी गाडी म्हणजे २०१४ची चार दारांची जीप रँग्लर, सेकंडहँड. लग्नाआधी घेतली म्हणून घेता आली. नंतर "तुम्ही दोघंच ना, मग प्रियस का नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. रँग्लरची गंमत ही की तिचं छत काढता येतं, पुढची काच आडवी करता येते आणि चारही दारं काढून ठेवता येतात. हा जुगाड नाही हं! कंपनीनेच तशी सोय करून दिलीय. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत. टी-५० नावाचा चांदणीच्या आकाराचा पाना लावून खालचे दोन स्क्रू काढायचे, डॅशबोर्डखाली वायरिंगचा जोड सोडवायचा, दार जास्त उघडू नये म्हणून लावलेला कापडी पट्टा काढायचा, आणि दार सरळ वर उचलायचं. पुढचं दार वीस-पंचवीस किलोचं असतं. पहिल्यांदा एकट्याने उचललं तेव्हा पाठीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

दारं काढली की पुढचा प्रश्न म्हणजे ठेवायची कुठे? आम्हाला गॅरेज नाही. त्यामुळे आमच्या हॉलमध्ये सोफ्यामागे, आईने साताऱ्याहून आणलेल्या गोधडीवर, चार दारं भिंतीला टेकून उभी असतात. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "दारं घरात आणि माणसं उघड्यावर! आणि माझी गोधडी रे?" बायकोने त्यावर ओल्या ओढण्या वाळत घातल्या. असो.

तर त्या शनिवारी पहिलं दार निघालं. बाबांनी मग खाली ठेवला, दाराला खालून हात दिला, आणि मग विचारलं,

"हे कायद्यात बसतं का?"

मला हाच प्रश्न हवा होता. कारण या विषयावर मी दोन वर्षांपूर्वी पूर्ण वीकेंड घालवला होता. झालं, मी सुरू केलं.

अमेरिकेत गाडीवर दोन सरकारं चालतात. गाडी कशी बनवायची ते केंद्र सरकार सांगतं, आणि ती रस्त्यावर कशी चालवायची ते राज्य सरकार. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज करणारी टीम वेगळी आणि सपोर्टची टीम वेगळी. दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नाही, हेही आमच्यासारखंच.

केंद्राच्या मानकांत २०६ नंबरचं एक मानक दारांबद्दल आहे. कुलपं, बिजागऱ्या किती दणकट हव्यात, धक्क्याने दार उघडून माणूस बाहेर फेकला जाऊ नये, वगैरे. पण त्यातच एक सूट दिलीय. ज्या गाड्या दारांशिवाय चालवण्यासाठी बनवल्या आहेत आणि ज्यांची दारं सहज काढता-घालता येतात, त्या दारांना हे मानक लागू नाही. म्हणजे दार निघण्याची सोय देऊन कंपनीने कायदा मोडलेला नाही. कायद्यानेच तेवढी फट ठेवलीय.

ही फट का ठेवली ते इतिहासात बघितलं की कळतं. जीप जन्मली तीच मुळी बिनदाराची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१पासून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. त्यांना दारं नव्हती. सैनिकाला टुणकन उडी मारून उतरता यावं, वजन कमी राहावं. दाराच्या जागी काय होतं? एक पट्टा. कमरेच्या उंचीवर आडवा लावायचा, बस्स. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. १९४५मध्ये तीच जीप साध्या माणसांसाठी विकायला आली आणि दारं जोडली गेली ती नंतर, तीही बरीच वर्षं कापडाची. म्हणजे बाकीच्या गाड्यांत दार हा गाडीचा भाग असतो. जीपच्या बाबतीत मात्र दार म्हणजे मागाहून आलेला पाहुणा.

हे झालं केंद्राचं. राज्यांत आलं की मजा सुरू होते. बहुतेक राज्यांच्या कायद्यात दाराचा उल्लेखच सापडत नाही. सापडतो तो आरशाचा!

रँग्लरचे बाहेरचे आरसे दारांवर बसवलेले असतात. दार काढलं की आरसाही गेला. आणि कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २६७०९ म्हणतं की राज्यात नोंदवलेल्या गाडीला किमान दोन आरसे हवेत, त्यातला एक डाव्या बाजूला, आणि मागचा २०० फूट रस्ता दिसला पाहिजे. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून डावा. काचेवरचा आतला आरसा एक आणि डावा एक, झाले दोन. म्हणजे उजव्या बाजूचा नसला तरी चालतो. पण मागे तंबू, कूलर, पिशव्या असं सामान रचून मागची काच झाकलीत, तर मात्र दोन्ही बाजूंना आरसे हवेत. टेक्सासमध्ये तर एकच आरसा पुरतो, २०० फूट दिसलं म्हणजे झालं. डॅलसचा माझा मित्र याच एका मुद्द्यावर "आमच्याकडे स्वातंत्र्य आहे" म्हणून मला ऐकवत असतो. पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यात गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि तिथल्या तपासणीच्या नियमांत दारांचाही विषय आहे, तेव्हा तिकडे बिनदाराने जायच्या आधी नियम वाचून जावं.

फोर्डने २०२१च्या ब्राँकोमध्ये हा घोळ मुळातच मिटवला. तिचेही दरवाजे निघतात, पण आरसे दारावर न लावता पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉडीवर लावले. दार गेलं तरी आरसा जागेवर. जीपवाल्यांना बाजारात मिळणारे, बिजागरीच्या जागेत बसणारे वेगळे आरसे विकत घ्यावे लागतात.

हे मला कसं कळलं? चूक करून. पहिल्यांदा दारं काढली त्या दिवशी हौसेने तसाच किराणा आणायला निघालो. कोपऱ्यापर्यंत भन्नाट वाटलं. मग हायवे २३७ वर चढताना सवयीने डावीकडे बघितलं, तर आरशाच्या जागी आभाळ! मागून ट्रक येतोय का कार येतेय काही पत्ता नाही. मान वळवून बघितलं तर वाऱ्याने डोळ्यांत पाणी. पुढच्याच एक्झिटला उतरलो आणि आतल्या रस्त्याने तीसच्या स्पीडने घरी आलो. डाळ, तांदूळ, मिरच्या काही न आणता. त्या रात्री कलम २६७०९ वाचलं, दुसऱ्या दिवशी आरसे मागवले. कायदे बऱ्याचदा असे आपण घाबरून झाल्यावरच वाचले जातात.

बाबा हे सगळं शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "आणि कंपनी काय म्हणते?"

इथे मी जरा अडखळलो. कारण कंपनीच्या माहितीपुस्तकात दार कसं काढायचं ते चित्रं काढून सांगितलंय, आणि त्याच पानावर चौकटीत इशारा आहे की दारं काढून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवू नका, अपघातात दारांमुळे मिळणारं संरक्षण राहणार नाही, ही सोय फक्त ऑफ-रोडसाठी आहे. म्हणजे कंपनी म्हणते काढा पण रस्त्यावर नेऊ नका, आणि राज्याचा कायदा म्हणतो न्या पण आरसा लावा. त्याशिवाय कॅलिफोर्नियात असुरक्षित अवस्थेतली गाडी चालवायची नाही असं एक मोघम कलम (२४००२) आहेच. पट्टा सगळ्यांना सक्तीचा. (मोठ्या माणसांना पट्ट्याची सक्ती नसलेलं एकच राज्य आहे, न्यू हँपशायर.) आठ वर्षांखालच्या मुलांना मागच्या सीटवर, त्यांच्या वेगळ्या सीटमध्ये बसवावं लागतं. एवढं सगळं पाळलं की झालं.

"म्हणजे कायदेशीर आहे," मी समारोप केला.

"आपल्याकडे?"

आपल्याकडचंही मी वाचलेलं होतं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात जशी गाडी दिली आणि जशी ती नोंदली गेली, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका खटल्यात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आता दारं काढणं हा कायद्याच्या व्याख्येतला बदल ठरतो की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. पण तो वाद वाई फाट्यावर उन्हात उभं राहून हवालदारसाहेबांशी घालायची माझी तयारी नाही. इथे कायदा "अमुक अमुक गाडीवर हवं" अशी यादी देतो आणि यादीत नाही ते तुमचं तुम्ही बघा म्हणतो. आपल्याकडे "जशी दिली तशी ठेवा" म्हणतो.

मी असंही सांगितलं की महिंद्राने १९४७पासून विलीजच्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या, आणि त्याच घराण्यातली 'रॉक्सर' नावाची गाडी २०१८मध्ये मिशिगनमध्ये बनवून अमेरिकेतच विकायला काढली. बिनदाराची. पण ती रस्त्यावरची गाडी म्हणून नाही, शेतावर, रानात फिरवायची गाडी म्हणून. त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्यांची मानकंच तिला लागू नाहीत. मी मोबाईलवर फोटो दाखवला. बाबांनी चष्मा वर करून बघितला आणि पहिल्यांदाच हसले. "ही तर आमच्या खात्याची जीप! हिला कसलं ५२ आणि कसलं काय. आमच्या जीपला दार असायचं ते फाटकी ताडपत्री आणि लोखंडी पाइप. उन्हाळ्यात काढायचो आणि पावसाळ्यात शोधायचो."

त्यानंतर ते एवढंच म्हणाले, "बाकीची आज नको काढू." आणि वर निघून गेले.

मी हातात पाना घेऊन तसाच बसलो. मला वाटलं, पटलं नसेल. या पिढीला कायद्यापेक्षा रीत मोठी, वगैरे वगैरे माझं मनातल्या मनात सुरू झालं. पुढच्या वीकेंडला आम्ही सगळे पिस्मो बीचजवळच्या ओशिआनो ड्यून्सला जाणार होतो. तिथे समुद्राच्या वाळूवर गाडी चालवायला परवानगी आहे. आम्ही चौघं, सॅन होजेहून ताई, भावजी आणि माझा सहा वर्षांचा भाचा. भाचा महिनाभर "मामा, दारं नाहीत ना? नक्की नाहीत ना?" असं विचारत होता. दोनशे मैलांच्या आसपास रस्ता, १०१ हायवे, ताशी ६५ मैल म्हणजे शंभरावर किलोमीटर. माझा बेत सरळ होता. दारं घरी गोधडीवर, आरसे लावलेले, भाचा मागे त्याच्या सीटमध्ये पट्टा लावून. कलमावर बोट ठेवून दाखवता येईल इतकं सगळं कायद्यात बसवलेलं.

रात्री जेवणं झाल्यावर बाबा बाल्कनीत बसले होते. मी गेलो तर म्हणाले, "बस. एक सांगायचं राहिलंय तुला. राहिलंय म्हणजे, सांगितलं नव्हतं."

१९९६ सालचा मे महिना. मी तेव्हा जन्मायचा होतो. मेढ्याकडून साताऱ्याला येताना बाबा जीप चालवत होते. शेजारी खात्यातले एक क्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. उकाडा भयंकर. जीपची दोन्ही दारं फाटली होती म्हणून काढून स्टोअरला जमा केलेली. पट्टा नावाची वस्तू त्या जीपमध्ये नव्हतीच. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून भाऊसाहेबांनी मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आणि वळणावर शेळ्या आडव्या आल्या.

"मी ब्रेक मारला आणि उजवीकडे घेतली. शेळी वाचली. मी शेजारी बघितलं तर सीट मोकळी."

बाबा बराच वेळ थांबले.

"आवाज पण नाही आला रे. माणूस पडतो तेव्हा काहीतरी ऐकू येईल असं वाटतं आपल्याला. काही नाही. मागे बघितलं तर रस्त्यावर सगळे कागद, आणि त्यात ते."

भाऊसाहेब वाचले. पण खुब्याचं हाड मोडलं आणि पुढे निवृत्त होईपर्यंत काठीशिवाय चालता आलं नाही. बाबांची खातेनिहाय चौकशी झाली. त्यात काय काय विचारलं ते त्यांना आजही क्रमाने पाठ आहे. लायसन होतं का? होतं. लॉगबुक भरलं होतं का? भरलं होतं. दारू? नाही. वेग? बेताचा. आणि दारं का नव्हती? तर दारं दुरुस्तीसाठी जमा केल्याची स्टोअरची नोंद होती, तारखेसकट, सहीसकट. भाऊसाहेबांनी स्वतः जबाब दिला की ड्रायव्हरची चूक नाही. बाबा निर्दोष सुटले.

"कागद पक्का होता," बाबा म्हणाले. "एकाही रकान्यात मी चुकलो नव्हतो. पण त्यांनी फाइल दोन्ही हातांनी धरलीये हे मी निघतानाच बघितलं होतं. एक हात दांडीला ठेवा म्हणायचं होतं. साहेब माणसाला कसं सांगायचं म्हणून नाही म्हणालो. ते कुणी विचारलंच नाही. तसा रकानाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाजारातून नायलॉनची दोरी आणली आणि डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत कमरेच्या उंचीवर आडवी बांधली. नवीन दारं आली तरी ती दोरी त्यांनी सोडली नाही. नवे साहेब हसायचे, "काय हो, म्हैस बांधायची का?" बाबा काही बोलायचे नाहीत. दोरी गाठ मारल्याशिवाय गाडी सुरू करायचे नाहीत, एवढंच.

मला एकदम त्या महायुद्धातल्या जीपचा पट्टा आठवला. सकाळी मी तो "बस्स, एक पट्टा" म्हणून हसत हसत सांगितला होता. बाबांनी तो शोध ५०-५५ वर्षांनी, मेढ्याच्या रस्त्यावर, स्वतःच्या पैशाने परत लावला होता.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट खरं तर नवीन नसावी. कोड कंपाइल झाला म्हणजे तो बरोबर आहे असं नव्हे, हे आपण पहिल्या सेमिस्टरला शिकतो. कंपायलर एवढंच सांगतो की व्याकरण चुकलेलं नाही. सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणजे काय? तर ज्या टेस्ट आपल्याला सुचल्या तेवढ्या पास झाल्या. कलम २६७०९ ही चांगली टेस्ट आहे, उगाच नाही केलेली. २३७ हायवेवर तिची किंमत मला कळलीय. पण ती आरसा तपासते. शेजारी बसलेल्या माणसाचे हात कुठे आहेत हे तपासणारं कलम कुठल्याच राज्यात नाही, आणि असणारही नाही. मी पूर्ण वीकेंड घालवून "चालेल का?" याचं उत्तर शोधलं होतं. "कुणाला घेऊन?" हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. सहा वर्षांचं पोर, १०१ हायवे, शंभरचा वेग, शेजारच्या लेनमध्ये अठरा चाकी ट्रक, आणि मधे काय? हवा. पट्टा त्याला धरून ठेवेल हे खरं. पण दार फक्त आपल्याला आत ठेवत नाही, बाजूने येणारं काही बाहेरही ठेवतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कंपनीने चौकट काढून छापलंय. मी ती चौकट "कायदेशीर इशारा, सगळेच छापतात" म्हणून सोडून दिली होती.

बाबांनी मात्र "नेऊ नकोस" असं म्हटलं नाही. ते तसे म्हणणाऱ्यांतले नाहीत. "तुझी गाडी, तुझा देश, तू बघ" एवढं म्हणून झोपायला गेले. (देश कुठे माझा? एच-१बी आहे हो बाबा.)

शेवटी आम्ही असं केलं. दारं लावूनच १०१ ने गेलो. सामान आणि तंबू भावजींच्या व्हॅनमध्ये. वाळूवर पोचल्यावर तंबू ठोकला, आईच्या गोधडीसकट. (गोधडी आता अधिकृतपणे गाडीची झालीय, आईने हार मानलीय.) मग पुढची दोन दारं काढून तंबूत ठेवली. मागची दोन तशीच राहू दिली. कायद्याने तीही काढता आली असती. भाच्याने पाच मिनिटं तोंड फुगवलं, "पण मामा, तू म्हणाला होतास!" मग त्याला काच पूर्ण खाली करून दिली आणि विषय मिटला. लहान मुलांना तत्त्वापेक्षा वारा महत्त्वाचा असतो.

किनाऱ्यावर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल. म्हणजे आपल्याकडची बैलगाडी जरा घाईत असेल तर तेवढी. मी ड्रायव्हर सीटवर बसलो, बाबा शेजारी, ताई आणि भाचा मागे. मी चावी फिरवणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब." खाली उतरले. मागे जाऊन भाच्याचा पट्टा हाताने ओढून बघितला. ताईचा बघितला. मग गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझाही पट्टा ओढून बघितला. २८ वर्षांच्या घोड्याचा! चार तंबू सोडून बसलेली अमेरिकन मंडळी बघत होती. मला जरा लाज वाटली, खरं सांगतो.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. बाबांसाठी डावी बाजू म्हणजे भाऊसाहेबांची बाजू. सगळ्या वाटेत ते ज्या मोकळ्या जागेकडे बघत होते, तिथे आता मी बसलो होतो.

मी काही बोललो नाही. ते परत जाऊन बसले, स्वतःचा पट्टा लावला, एक हात वरच्या दांडीला धरला आणि म्हणाले, "हं, घे." डावीकडे टेकड्या, उजवीकडे समुद्र, मधून आमची अर्धी उघडी जीप. बिनदाराच्या गाडीतून वाळू इतकी जवळ दिसते की खाली हात केला तर लागेल असं वाटतं. पाण्याचे तुषार थेट पायावर. भाचा मागे ओरडत होता, ताई त्याच्यावर ओरडत होती. थोड्या वेळाने बघितलं तर बाबा पाय जरासा बाहेर काढून बसले होते, जुन्या सवयीने, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, या माणसाला जीप खरंच आवडते. १९९६ नंतर त्याला ती अशी उघडी कधी आवडून घेता आलीच नाही.

"बाबा, पाय आत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाय आत घेतला, आणि हसले. "शिकलास," म्हणाले.

दारं मी अजूनही काढतो. एकटा असलो, जवळच जायचं असलं, आतल्या रस्त्याने असलं की. आरसे लावतो, पट्टा लावतो. कोणी बरोबर येणार असेल तर आधी त्याला विचारतो आणि त्याने "काही नाही रे, चालेल" म्हटलं तरी जरा त्याच्या हातांकडे बघतो. हायवेवर दारं. हे कुठल्या कलमात नाही, आमच्या घरचा नियम आहे.

आई-बाबा परत गेले त्याला आता बरेच महिने झाले. ओशिआनोहून आल्यावर दार बसवताना मी वायरचा जोड लावायला विसरलो होतो, त्यामुळे पुढच्या उजव्या दाराची काच खाली होईना. मी दोन दिवस फ्यूज तपासत बसलो. शेवटी साताऱ्याला फोन केला तेव्हा सहज बोललो.

"जोड लावला का खालचा?" बाबा म्हणाले.

नव्हता लावला.